एक्स्पान्शन घेण्याआधी काय तपासायचं

एक्स्पान्शन म्हणजे आधीच्या गेमला जोडायचा, वेगळा विकला जाणारा नवा भाग. ते घेताना किंमत नंतर बघा, आधी मूळ गेम बघा. गोष्ट, शेवट, मुख्य पात्रं हे सगळं त्यात आहे का? मिसळीच्या बिलात पाव वेगळा लावला तर पुणेकर गल्ल्यावर हुज्जत घालेल, गेममध्ये मात्र गुमान पैसे भरेल. २०१२ च्या 'स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन'मध्ये १२ पात्रं डिस्कवर आधीच होती, पण ती उघडायला वेगळे पैसे मागितले गेले. असं असेल तर घेऊच नका.

उलट 'द विचर ३' एकट्यानेच भरपेट होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याचं 'हार्ट्स ऑफ स्टोन' हे एक्स्पान्शन आलं, साधारण १० तासांचं. मे २०१६ मधलं 'ब्लड अँड वाइन' त्याच्या दुप्पट, आणि त्यात अख्खा नवा प्रदेश.

आता हिशोब. समजा ₹१,५०० आणि १५ तास, म्हणजे तासाला ₹१००. पण नुसत्या तासांवर जाऊ नका. त्यातून त्याच शत्रूंना पुन्हा पुन्हा मारण्याचे आणि नकाशाभर खुणा गोळा करत फिरण्याचे तास वजा करा. १५ चे ६ उरले, तर भाव ₹२५० झाला. सुरुवातीची स्तुती बहुधा पहिल्या दोन-तीन तासांचीच असते, म्हणून दोन आठवडे थांबून शेवटपर्यंत खेळलेल्यांचं मत वाचा.

प्रवेशाची अट बघायला लोक हमखास विसरतात. 'एल्डन रिंग'च्या 'शॅडो ऑफ द एर्डट्री' या एक्स्पान्शनमध्ये शिरायला राडान आणि मोग हे दोन मोठे शत्रू आधी हरवावे लागतात. त्यातला मोग मूळ गोष्ट संपवायला लागतच नाही, त्यामुळे गेम पूर्ण केलेलेही दारात अडकले. यंत्रही तपासा: 'सायबरपंक २०७७' प्लेस्टेशन ४ वर आहे, त्याचं 'फँटम लिबर्टी' हे एक्स्पान्शन नाही.

मित्रांबरोबर खेळत असाल तर वर्गणी काढण्याआधी नियम वाचा. 'स्टेलारिस'मध्ये खेळ सुरू करणाऱ्याकडे एक्स्पान्शन असलं की बाकीच्यांचंही भागतं. 'सिव्हिलायझेशन ६'मध्ये ते प्रत्येकाकडे लागतं.

फक्त ऑनलाइन चालणाऱ्या गेमचं एक्स्पान्शन सेलमध्ये स्वस्त दिसलं म्हणून घेऊन ठेवू नका. 'डेस्टिनी २'ने नोव्हेंबर २०२० मध्ये जुन्या मोहिमा काढून टाकल्या. पैसे मोजून घेतलेल्या मोहिमाही त्यातच गेल्या. लगेच खेळणार असाल तरच घ्या.

खरेदी करताना: एपिक आणि स्टीम ही गेमची वेगवेगळी ऑनलाइन दुकानं; मूळ गेम एपिकवर असेल तर स्टीमवरचं एक्स्पान्शन त्याला चालत नाही. स्टीमवर बंडल (एकत्र विकला जाणारा संच) असेल तर त्याची किंमत आधी बघा, तुमच्याकडे आहे ते त्यातून वजा होतं. स्टीमवर परताव्याची मुदत १४ दिवस, पण एक्स्पान्शन घेतल्यापासून मूळ गेम २ तासांच्या आत खेळलेला हवा. म्हणून विकत घेतल्यावर जुनी कामं उरकत बसू नका, थेट नव्या भागात जा. प्लेस्टेशनवर डाउनलोड सुरू झालं की सहसा परतावा मिळत नाही, तेव्हा ऑटो डाउनलोड आधी बंद करा.

जुनी डिस्क घेत असाल तर दोन गोष्टी विक्रेत्याला तोंडावर विचारा. ती कुठल्या प्रदेशाची आहे? दुसऱ्या प्रदेशाच्या डिस्कला इथल्या स्टोअरवरचं एक्स्पान्शन बहुतेकदा जुळत नाही. आणि 'कम्प्लीट एडिशन' असेल तर एक्स्पान्शन डिस्कवरच आहे की डाउनलोडच्या कोडवर? कोड एकदाच चालतो, आणि पहिल्या मालकाने तो बहुधा वापरलेला असतो.