फर्स्ट लेडींच्या यादीवरून संपादनवाद झाला तर

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्युकॅनन अविवाहित होते. १८५७ ते १८६१ या काळात व्हाइट हाउसचं यजमानपद त्यांची भाची हॅरिएट लेन हिने सांभाळलं. मग फर्स्ट लेडींच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींच्या, यादीत तिचं नाव घालायचं की नाही? अशा प्रश्नावरून वाद होतो. इंग्रजी विकिपीडियावर तुमचं संपादन कुणी उलटवलं, म्हणजे तुमचा बदल रद्द केला, तर लगेच परत उलटवू नका. एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की खातं ब्लॉक होऊ शकतं. मजकूर दरवेळी वेगळा असला तरी मोजणी तीच, आणि इथेच बरेच जण फसतात. तीनच्या आत राहिलात म्हणजे सुटलात असंही नाही.

आधी पानाचा ‘इतिहास’ उघडून समोरच्याचा संपादन सारांश, म्हणजे बदलासोबत लिहिलेली छोटी टीप, वाचा. मग त्या लेखाच्या चर्चा पानावर लिहा: कुठली ओळ, काय बदल, कोणत्या पुस्तकाचं कितवं पान. शेवटी सही, म्हणजे ~~~~ ही चार चिन्हं टाका.

बहुतेक भांडणं यादीचा निकष न ठरवल्यामुळे होतात. फक्त पत्नी, की यजमानपद सांभाळणारी कुणीही? हे आधी ठरवा. माझ्या मते ‘नातं’ असा वेगळा रकाना करून ‘भाची’ लिहिणं हाच प्रामाणिक मार्ग. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना पती देवीसिंह शेखावत यांची नोंद करायलाही असाच रकाना उपयोगी पडतो.

दोघांतच अडलं तर तिसऱ्याचं मत मागवा. जास्त जण असतील तर जाहीर अभिप्राय मागवा. तो साधारण ३० दिवस चालतो. प्रश्न छोटा आणि तटस्थ ठेवा. निकाल डोकी मोजून नाही, संदर्भ आणि युक्तिवाद पाहून लागतो.