अपेंडिक्सचं दुर्बिणीतून ऑपरेशन: घरच्यांनी काय करायचं

मी बडोद्यात ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, आता रिटायर. दांडिया बाजारातल्या शेजारणीचा मुलगा परवा रात्री पोट धरून बसला. तिने आधी ओव्याचं पाणी दिलं, मग एरंडेल काढलं. बाटली मी हातातून घेतली. बेंबीभोवतीची कळ उजवीकडे खाली सरकली, सोबत मळमळ, बारीक ताप असला, तर जुलाबाचं औषध नको, शेकही नको. सर्जन गाठा.

तोंडात काही घालू नका. शेवटचं काय आणि कधी खाल्लं, ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना खरं सांगा. यानं संध्याकाळी शेव-उसळ चापलेली आणि आई म्हणते, "काही नाही हो खाल्लं!"

बहुधा तीन छिद्रं पाडतात; बेंबीपाशी साधारण 10 मिलिमीटरचं, बाकीची लहान. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, अपेंडिक्स बुडाशी बांधून कापतात. फारच चिकटलेलं निघालं तर पोट उघडावंही लागतं. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी हे विचारा.

नंतर खांदा दुखेल. घाबरू नका, तो गॅसचा प्रताप. एकदोन दिवसांत उतरतो. डॉक्टर म्हणतील तेव्हा उठवून चालवा. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरायला सांगा. ताप चढला, टाक्यातून पू आला, पोट फुगून उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी परत न्या. आणि सर्जन हो म्हणेपर्यंत सिलिंडर दुसऱ्या कुणीतरी उचलावा.