गुडघ्याचं जेल लावलं की हात आधी पुसा, मग धुवा

भातलावणी सुरू झाली की रात्री घरोघरी डायक्लोफेनॅक या दुखणं थांबवणाऱ्या औषधाचं जेल निघतं. लावलेल्या जेलमधलं फारच थोडं औषध कातडीत मुरतं. बाकीचं हाताला, चादरीला आणि अंघोळीच्या पाण्याला लागतं.

हे औषध सांडपाणी शुद्धीकरणात पुरतं मोडत नाही. तिथे घातलेला क्लोरीन जंतू मारण्यासाठी असतो, औषध काढण्यासाठी नव्हे. बेळगावात सांडपाणी वाहणारा बळ्ळारी नाला शहापूर-वडगावच्या शेतांतून जातो, म्हणून औषध मोरीतच जाऊ न देणं महत्त्वाचं. हेच औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली आणि 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांसाठी ते अजून सर्रास वापरलं जातं.

अंघोळ आधी उरका. एका गुडघ्याला एका वेळी 2 ते 4 ग्रॅम पुरतं; जाड थर दिल्याने दुखणं जास्त थांबत नाही, जेल मात्र वाया जातं. ते जिरेपर्यंत चोळा. मग तळहात आणि बोटांच्या बेचक्या कोऱ्या कागदाने किंवा टाकाऊ चिंधीने कोरड्या पुसा, चिकटपणा जाईपर्यंत. त्यानंतरच साबण. चिंधी धुऊन परत वापरली तर सगळंच फुकट. ती पिशवीत बांधून कचरागाडीत द्या, शौचकुपात नको. दुखणं हाताच्या बोटांचंच असेल तर पुसू नका, तासभर हात कोरडे ठेवा.

जेल लावलेल्या जागीही किमान तासभर पाणी नको. मुदत संपलेली ट्यूब बेसिनमध्ये पिळू नका, बूच घट्ट लावून कचऱ्यात टाका.