कंडोम कुठे फाटतो, कधी निसटतो
तुम्ही गे आहात, बायसेक्शुअल की अजून ठरवताय, याने जंतूंना काही फरक पडत नाही. धोका कृतीवरून ठरतो. त्यामुळे स्वतःला काय म्हणायचं हे कळेपर्यंत काळजी घ्यायची थांबू नका.

पाकिटावरची मुदत बघा. पाकीट दाबल्यावर आत हवेची उशी जाणवली पाहिजे. दातांनी फाडू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि कंडोम मुळापर्यंत उलगडा. उलटा लागला तर तोच फिरवून वापरू नका, कारण बाहेरून स्राव लागलेला असू शकतो.

फाटतो तो बहुधा कोरडेपणामुळे किंवा तेलामुळे. तेल, पेट्रोलियम जेली, बॉडी लोशन यांनी लेटेक्स, म्हणजे कंडोमचं रबर, काही मिनिटांत कमकुवत होतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं ल्युब्रिकंट (घर्षण कमी करणारं वंगण) चालतं. गुदसंभोगात तर ते हवंच. एकावर एक दोन कंडोम? अजिबात नको, घासून फाटतात.

निसटतो मात्र शेवटी. ताठरपणा जाण्याआधीच कडा मुळाशी धरून बाहेर या.

तरीही फाटलाच, तर लगेच डॉक्टरांना गाठा. एचआयव्ही टाळणारी पेपची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात.