गंजलेली मसल कार घेण्यापूर्वी काय तपासावे?

१९६० च्या दशकातील अमेरिकी मसल कार (ताकदवान इंजिनाची वेगवान गाडी) गंजलेल्या अवस्थेत विकायला आली असेल, तर इंजिन सुरू होते की नाही यापेक्षा सांगाडा किती शाबूत आहे हे आधी पाहावे. कारण इंजिन बदलता येते, पण कुजलेला सांगाडा उभा करणे हे सर्वांत खर्चिक काम असते. शेव्रोलेच्या शेव्हेलला स्वतंत्र चासी (बॉडीखालची लोखंडी चौकट) असते, मात्र फोर्डच्या मस्टँगमध्ये बॉडीच सगळा भार पेलते, त्यामुळे तिच्या विंडशील्डखालची काउल (पत्र्याची पोकळ पट्टी), तळाच्या लांब रेल आणि त्यांना बॉडीच्या कडांशी जोडणारे टॉर्क बॉक्स यांची तपासणी टाळू नये. गाडी भक्कम स्टँडवर उचलून हे भाग स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावेत. टोक आत शिरले, तर तिथला पत्रा संपला आहे. गंज झाकायला लावलेल्या जाड पुट्टीवर लोहचुंबक नीट चिकटत नाही, हेही ध्यानात ठेवावे. फेंडर किंवा फ्लोअरचा गंज (दिसायला भयंकर असला तरी) मला तितका गंभीर वाटत नाही, कारण मस्टँग आणि शेव्रोलेच्या कॅमॅरोचे हे पत्रे आजही नव्याने बनतात. दुर्मीळ मॉडेलचे तसे नसते. व्हीआयएन (गाडीवर कोरलेला ओळख क्रमांक) आणि कागदपत्रे जुळत नसतील, तर व्यवहारच करू नये. जुळत असल्यास वेल्डिंग, रंग आणि सुट्या भागांचा लेखी अंदाज घेऊन, तशाच पण पूर्ण दुरुस्त झालेल्या गाडीच्या किमतीशी तो ताडून पाहावा.