मोठे टायर, तापलेला गिअरबॉक्स

माझ्या ऑटोमॅटिक पिकअपला मूळ २९.५ इंची टायर होते. हौसेने ३३ इंची घातले. सपाटीवर ठीक होतं, पण गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढू लागलो की गिअर सारखा चौथा-तिसरा-चौथा व्हायचा. ओझं असलं तर दोनदा गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवाही लागला.

म्हापशातल्या मेस्त्रींनी गिअरबॉक्सचं थोडं तेल काढून पांढऱ्या फडक्यावर टेकवलं. लाल हवं ते करपट वासाचं, काळपट चहासारखं. "बाब, बॉक्स बरा आहे, टायर जड झालेत," म्हणाले.

हिशेब सोपा आहे. चाक १२ टक्के मोठं, म्हणजे ३.९ चा अ‍ॅक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे किती फेरे, तो आकडा) ३.५ सारखा वागतो. चढावर इंजिनाचा जोर अपुरा पडतो, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) लॉक होत नाही, आत तेल घुसळत राहतं आणि तापतं. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८९ ला असते, हेही धोक्याचंच.

खरा उपाय ४.३ च्या आसपासचे क्राउन-पिनियन (हा रेशो ठरवणारी दातेरी चाकं), पण फोर-व्हीलला दोन्ही अ‍ॅक्सलचे बदलावे लागतात. तो खर्च मला झेपणारा नव्हता. तेल, फिल्टर बदलले आणि २६५/७० आर १६ चे, साडेतीस इंची टायर घातले. परवा पावसात भरल्या गाडीने घाट चढलो, मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्यावर धरून. दिवा लागला नाही.