एंडगेम पहिल्यांदा बघताय? मग बसायच्या आधी एवढं वाचा

अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम 2019 च्या एप्रिलमधे आला, म्हणजे आता तसा जुनाच, पण अजूनही असे भरपूर लोक आहेत ज्यांनी तो बघितलेला नाहीये आणि "आता बघूनच टाकतो एकदा" म्हणून थेट शेवटचाच लावायला निघालेत. तर थांबा जरा. हा मार्व्हलच्या सुपरहिरो पिक्चरांच्या सिरीजमधला 22 वा पिक्चर आहे, 2008 च्या आयर्न मॅनपासून जे जे पेरत आणलं ते इथे उगवतं, आणि पेरलेलंच माहीत नसेल तर पडद्यावर लोक का रडतायत आणि थिएटरमधे तेव्हा एवढ्या शिट्ट्या का पडल्या हे काही कळणार नाही.

पण म्हणून आधीचे 21 च्या 21 बघायची गरज नाहीये. सगळे मिळून जवळपास 45 तास होतात आणि त्यातले काही खरंच सोसवत नाहीत. माझा हिशोब साधा आहे, एंडगेम स्वतः ज्या पिक्चरांकडे मागे वळून बघतो तेवढेच बघायचे, बाकीचे नंतर हौस असेल तर.

तर यादी अशी: आयर्न मॅन (2008), कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर (2011), द अ‍ॅव्हेंजर्स (2012), कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर (2014), गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी (2014), एज ऑफ अल्ट्रॉन (2015), अँट-मॅन (2015), सिव्हिल वॉर (2016), थॉर: रॅग्नारोक (2017), इन्फिनिटी वॉर (2018), अँट-मॅन अँड द वास्प (2018) आणि कॅप्टन मार्व्हल (2019). बारा पिक्चर, 26 तासांच्या आसपास. रोज एक बघितला तरी दोन आठवड्यांच्या आत काम होतं.

एवढाही वेळ नाही म्हणत असाल तर विंटर सोल्जर, सिव्हिल वॉर आणि इन्फिनिटी वॉर हे तीन तरी बघाच. या तिन्हीचे आणि एंडगेमचे डायरेक्टर तेच, अँथनी आणि जो रुसो, आणि लिहिणारेही तेच दोघं, मार्कस आणि मॅकफीली, त्यामुळे हे चार सलग एकच गोष्ट असल्यासारखे वाटतात. पण मग आयर्न मॅनचं शेवटचं पाऊण तास तरी बघून घ्या राव, विशेषतः शेवटची पत्रकार परिषद, ती चुकवू नका.

थॉर: द डार्क वर्ल्ड मी यादीत टाकलेला नाही कारण तो कंटाळवाणा आहे, स्पष्टच सांगतो. त्यातली थॉरची आई फ्रिगा तेवढी लक्षात ठेवा, कथा कुठेतरी थोडक्यात वाचून घ्या आणि पुढे व्हा. ब्लॅक पँथर आणि डॉक्टर स्ट्रेंज वेळ असेल तर नक्की बघा, दोन्ही चांगले आहेत, पण नाही बघितले तर अडणार नाही.

आता क्रम. इंटरनेटवर "टाइमलाइनप्रमाणे बघा" असं सांगणारे खूप भेटतील, म्हणजे कॅप्टन मार्व्हलची गोष्ट 1995 मधे घडते म्हणून तो सुरुवातीलाच लावा वगैरे. ऐकू नका. कॅप्टन मार्व्हलच्या क्रेडिट्समधे जो सीन येतो तो इन्फिनिटी वॉरच्या नंतरचा आहे, तो आधी बघितलात की इन्फिनिटी वॉरच्या शेवटाची हवाच गेली. दुसऱ्या अँट-मॅनचंही तेच. तेव्हा रिलीज झाले त्याच क्रमाने बघा, बनवणाऱ्यांनी कुठली गोष्ट कधी सांगायची हे त्याच हिशोबाने ठरवलेलं होतं. आणि त्या दुसऱ्या अँट-मॅनच्या क्रेडिट्समधला सीन उठून जाऊन चुकवलात तर एंडगेममधे एक माणूस अचानक कुठून उगवला ते कळणार नाही, आणि सगळी गोष्ट तर त्याच्यावरच उभी आहे.

मधेच गोंधळ होईल म्हणून सांगून ठेवतो, पहिल्या आयर्न मॅनमधला टोनीचा, म्हणजे आयर्न मॅनचाच, मित्र रोडी पुढच्या पिक्चरांमधे वेगळाच दिसतो, नट बदललाय, माणूस तोच आहे.

बघताना कशाकडे लक्ष द्यायचं ते न फोडता सांगतो. विंटर सोल्जर सुरू होतो तो पहाटेच्या धावण्याने, कॅप्टन अमेरिका एका माणसाला पुन्हा पुन्हा मागे टाकत पुढे जातो आणि दर वेळी जाताना तेच काहीतरी बोलतो. गमतीचा सीन आहे, मोबाईल बघत घालवू नका. एज ऑफ अल्ट्रॉनमधे पार्टीत बरेच जण थॉरचा हातोडा उचलून बघायला जातात, टोनी आणि रोडी तर आर्मरचे हात घालून ओढतात, हातोडा ढिम्म हलत नाही, मग कॅप्टनची पाळी येते आणि तेव्हा हातोड्याकडे नाही तर थॉरच्या चेहऱ्याकडे बघा, अर्ध्या सेकंदासाठी हसू उडतं त्याचं. त्याच पिक्चरमधे हॉकआयचं, म्हणजे टीममधल्या धनुष्यबाणवाल्याचं, शेतावरचं घर आणि बायको-पोरं दिसतात, लोकांना तो भाग संथ वाटतो पण एंडगेमची सुरुवात कळायला तोच लागतो. आणि 2012 च्या अ‍ॅव्हेंजर्समधे टीममधले सहाही हिरो गोल करून उभे राहतात, कॅमेरा त्यांच्याभोवती फिरतो, तेव्हाची धून कानात बसू द्या. ती अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्रीची आहे आणि एंडगेमलाही संगीत त्याचंच आहे, यापुढे काही बोलत नाही.

स्पॉयलरचं म्हणाल तर इतक्या वर्षांत मीम्समधून निम्मं कानावर आलेलंच असेल, त्याला इलाज नाही, पण उरलेलं वाचवता येतं. कुठल्याही हिरोचं नाव सर्चमधे टाईप करू नका, तीन अक्षरं टाकली की खाली आपोआप जे येतं त्यातच सगळं फुटतं. क्लिप्स बघू नका, व्हिडिओच्या फोटोवरच शेवट छापलेला असतो. स्पायडर-मॅन: फार फ्रॉम होम आणि त्यानंतर आलेल्या मार्व्हलच्या वेब सिरीज आधी अजिबात लावू नका. आणि सोबत बघणाऱ्यांपैकी कोणी आधी बघितलेला असेल तर त्याला दम देऊन ठेवा की "आता बघ हां" असं एकदाही म्हणायचं नाही, कारण या तीन शब्दांनी जेवढं वाटोळं होतं तेवढं कुठल्या मीमनेही होत नाही.

इन्फिनिटी वॉर आणि एंडगेम एकाच दिवशी लागोपाठ लावायचा मोह होईल, टाळा. जेव्हा रिलीज झाले तेव्हा मधे वर्षभर लोक तो शेवट डोक्यात घेऊन फिरत होते. तुम्ही वर्ष नाही पण दोन-चार दिवस तरी जाऊ द्या, आणि यादीतले मधले दोन पिक्चर, दुसरा अँट-मॅन आणि कॅप्टन मार्व्हल, त्याच दिवसांत उरका.

एंडगेम 181 मिनिटांचा आहे, तीन तास एक मिनिट, त्यामुळे रात्री उशिरा सुरू करू नका. वेळेवर बसा, कारण पहिला सीन मार्व्हलचा लोगो यायच्या आधीच येतो. इन्फिनिटी वॉर आणि हा, दोन्ही पिक्चर पूर्ण आयमॅक्स कॅमेऱ्यांवर शूट केलेत, तेव्हा तुमच्याकडे आयमॅक्सवालं व्हर्जन दिसत असेल तर तेच लावा, चित्र वरून-खालून जास्त दिसतं. आणि फोनवर बघायचा असेल तर, काय बोलू आता.

पहिला तासभर मारामारी जवळजवळ नाहीच. हरलेली माणसं आपापल्या परीने जगतायत, कोणी सावरलंय, कोणी पार बिघडलंय, आणि बऱ्याच जणांना हा भाग बोअर होतो, पण मला विचाराल तर पिक्चरचा जीव तिथेच आहे, पुढचं सगळं त्याच्यावर चढतं. ब्रेक घ्यायचाच असेल तर सगळे पांढऱ्या-लाल सूटमधे एकत्र निघतात तिथे घ्या. शेवटच्या तासात मात्र पॉजला हात लावायचा नाही, फोन वाजला तरी नाही.

काळातून मागे-पुढे जाणं आहे यात, एवढं एक फोडतो. "मग भूतकाळ बदलला तर आत्ताचं कसं काय" हा प्रश्न तुम्हाला पडणार, हल्क त्याचं उत्तर पिक्चरमधेच देतो की तुम्ही मागे जाऊन काही केलंत तरी तुमचा आत्ताचा काळ बदलत नाही. तेवढं धरून पुढे चला, सगळं जुळतं का यावर भांडण नंतर घाला, रुसो बंधू आणि लिहिणारे दोघं यांचंच शेवटच्या एका गोष्टीवर आपसांत जमलेलं नाही तर आपण कोण.

क्रेडिट्समधे मूळ सहा जणांच्या सह्या येतात, तिथपर्यंत तरी बसाच. त्यानंतर नेहमीसारखा लपवलेला सीन नाहीये, पण अगदी शेवटी अंधारात लोखंडावर हातोडी मारल्याचा आवाज येतो. 2008 चा आयर्न मॅन बघितला असेल तर तो कुठला आवाज आहे ते सांगावं लागणार नाही.